मेलेले वानर कोणत्या खात्याचे?

काजूच्या बागेच्या कडेला एक वानर मरून पडले होते. फाल्गुनातले दिवस, बोंडे पिकू लागलेली, बागेत बायामाणसांची ये-जा सुरू झालेली. मेलेल्या वानराची वर्दी द्यायची कोणाला, असा प्रश्न बागेच्या मालकाला पडला. वानर हा वन्य प्राणी, म्हणून त्याने प्रथम एका कार्यालयात विचारले. तेथे सांगण्यात आले की, प्राणी कशाने मेला हे ठरविणे जनावरांच्या डॉक्टरांचे काम. दुसऱ्या कार्यालयाने सांगितले की, रोग माणसांना होणारा असेल तर ती बाब आरोग्याची. तिसऱ्या ठिकाणी उत्तर मिळाले की, माणूस आजारी पडल्याखेरीज आम्हांला नोंद करता येत नाही. या तीन दारी दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे कुत्र्यांनी ते प्रेत ओढून नेले आणि प्रकरण आपोआप निकालात निघाले.

हा प्रसंग प्रस्तुत लेखकाला सांगितला तो त्याच्याच एका विद्यार्थिनीने. बाग तिच्या मामाची. ती नुकतीच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. हकीकत सांगून झाल्यावर तिने विचारले, "सर, ते वानर कशानं मेलं हे शोधायचं शिक्षण कुठं मिळतं?" तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकविलेल्या माणसाला या साध्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता आले नाही. ती कबुली देण्यासाठी आणि ते उत्तर का देता आले नाही याचा विचार करण्यासाठीच हा लेख आहे.

वन्य प्राण्यांचे रोग कसे उद्भवतात, एका जातीतून दुसऱ्या जातीत कसे जातात, जंगलाची मोडतोड, गुरांची चराई, पाऊसपाणी आणि माणसाचा वावर यांचा त्यांच्याशी काय संबंध असतो, याचा अभ्यास करणारे एक शास्त्र आता जगभर उभे राहिले आहे. मराठीत त्याला वन्यजीवांचे रोग-परिस्थितिविज्ञान म्हणता येईल. नाव बोजड आहे खरे. पण विषय बोजड नाही. मामाच्या बागेतले वानर कशाने मेले आणि आता बागेत काजू वेचणाऱ्या बायकांचे काय होणार, एवढाच तो विषय आहे.

क्यासनूरचा धडा

हे शास्त्र परदेशातून आलेले खूळ आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या शेजारी लिहिला गेला आणि लिहिणाऱ्यांत पुणे व मुंबई या दोन्ही शहरांचा हात होता.

१९५७ साली, त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात क्यासनूर नावाच्या जंगलात वानरे आणि माकडे पटापट मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांत कडक तापाची साथ आली. दक्षिण अमेरिकेत माकडे मरू लागली की पीतज्वर आला असे समजतात. हा रोग भारतात नव्हता, पण तो पसरविणारा डास येथे होता. तेव्हा घबराट उडणे स्वाभाविक होते. पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र १९५२ साली स्थापन झाले होते. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतो. केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क, त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांच्याबरोबरचे भारतीय संशोधक जंगलात उतरले. पीतज्वराची भीती खोटी ठरली. सापडला तो अगदी नवा विषाणू, आणि त्याचा वाहक डास नसून गोचीड निघाली.

पण हा विषाणू आला कोठून? त्याचे जवळचे नातलग रशियातील होते. तिकडे वसंत-ग्रीष्मात होणाऱ्या, गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराचा विषाणू १९३७ च्या मोहिमेत शोधून काढण्यात आला होता. साहजिकच संशय गेला तो सैबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांवर. आणि मग मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांच्या स्थलांतराचा मागोवा घेण्याचे मोठे काम सुरू झाले. पक्ष्यांवरील आरोप काही सिद्ध झाला नाही. परंतु त्या निमित्ताने हजारो पक्षी हाताळले गेले, तरुणांची एक पिढी जंगलात, दलदलीत आणि खारफुटीत काम करायला शिकली. भारतीय पक्षिशास्त्राची एक भक्कम पायरी अशी एका तापाच्या शोधात बांधली गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या सालिम अलींकडे हे काम आले, त्यांना तरुणपणी रीतसर पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणी सर्वेक्षण संस्थेत जागा मिळाली नव्हती. क्यासनूरच्या शोधात डॉक्टर होते, कीटकशास्त्रज्ञ होते, प्राणिशास्त्रज्ञ होते आणि पक्ष्यांची नजरओळख असलेली माणसे होती. कोण कोणत्या विद्याशाखेतून आला, याची चौकशी विषाणूने केली नाही, आणि सुदैवाने त्या काळच्या संशोधकांनीही केली नाही.

जंगल गावात आले की गाव जंगलात?

कोलंबियात जंगली पीतज्वराचा अभ्यास केलेले डॉक्टर होर्हे बोशेल हेही पुढे या कामात होते. १९६९ साली त्यांनी एक विचार मांडला. विषाणू बहुधा त्या जंगलात उंदीर, चिचुंद्री असे लहान प्राणी आणि गोचिडी यांच्यात पूर्वीपासून मुकाट्याने नांदत असावा. मग माणसांची वस्ती वाढली, जंगलात भातखाचरे घुसली, कडेने घाणेरीची झुडपे माजली, गुरे चरायला जाऊ लागली. गुरांना हा रोग होत नाही. पण पूर्ण वाढलेल्या गोचिडींना भरपूर रक्त त्यांच्यापासून मिळते आणि गोचिडींची प्रजा बेसुमार वाढते. म्हणजे गोचीड गावावर चालून आली नाही. गावानेच तिला खाऊपिऊ घालून वाढविले.

याची भीषण प्रचीती १९८३ च्या सुमारास दक्षिण कर्नाटकातील बेळतंगडी भागात आली. काजूच्या लागवडीसाठी तेथे मोठे जंगल तोडण्यात आले आणि त्यानंतर उसळलेल्या साथीत दीड हजारांहून अधिक लोकांना लागण होऊन सुमारे दीडशे माणसे मरण पावली. या रोगात साधारणपणे शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात.

काजू म्हटले की कोकणच्या आणि गोव्याच्या वाचकाने कान टवकारले पाहिजेत. कारण कर्नाटकापुरता समजला जाणारा हा ताप सह्याद्रीच्या रांगेने दक्षिणेकडे केरळात गेला, तसाच उत्तरेकडेही सरकला. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आढळला, २०१६ साली आपल्या दोडामार्गात, आणि नंतर सावंतवाडीच्या बाजूला. सिंधुदुर्गात लोक त्याला माकडताप म्हणतात. या नावाने माकडावर अन्याय झाला आहे. माकड हा रोगाचा कर्ता नव्हे, तो पहिला बळी आहे. आणि त्याचे मरण ही आपल्याला आगाऊ मिळालेली सूचना आहे.

ही सूचना कशी वाचायची? पावसाळा संपला की गोचिडीची अगदी बारीक, सहा पायांची पिल्ले बाहेर पडतात. ती वाढून खसखशीच्या दाण्याएवढी झाली की पौष-माघापासून वैशाखापर्यंत पातेऱ्यात दबा धरून बसतात. याच महिन्यांत आपल्याकडे काजू वेचतात, लाकूडफाटा आणतात आणि भाजावळीसाठी पातेरा झोडून भारे बांधतात. रोगी वानर मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडलेले शरीर सोडून खाली उतरतात आणि त्या जागेभोवती मृत्यूचे एक छोटेसे रिंगण तयार होते. म्हणून मेलेल्या वानराची वर्दी त्याच दिवशी लागली, भोवतालच्या जागेवर औषधाची भुकटी मारली गेली आणि तेथे जाण्यास मनाई झाली, तर काही माणसांचे प्राण वाचण्याचा संभव असतो. दोन दिवस तीन दारी फिरण्याचा अर्थ काय होतो, हे आता वेगळे सांगायला नको.

दोन दारे आणि मधली भिंत

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. या शास्त्राकडे जाणारी वाट कोठून सुरू होते? आपल्याकडे त्याला दोन दारे आहेत आणि त्या दोहोंमध्ये भिंत आहे. पहिले दार पशुवैद्यकाचे. बारावीनंतर साडेपाच वर्षांचा तो अभ्यासक्रम असतो. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे आणि नागपूरच्या पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे गोरेवाडा येथे वन्यजीवांसाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे. पण सर्वसाधारण पशुवैद्याचे शिक्षण गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याभोवती फिरते, आणि पदवी हाती पडली की घरचे लोक सरकारी दवाखान्याची जाहिरात पाहू लागतात. दुसरे दार प्राणिशास्त्राचे. तेथे पूर्वी बेडूक चिरता येत असे, वर्गीकरण पाठ होते. पण आजारी प्राण्याच्या अंगातून रक्ताचा नमुना घेण्याचे शिक्षण मिळत नाही, आणि साथ किती वेगाने पसरेल याचे गणित तर कोणी शिकवीतच नाही.

वस्तुत: या शास्त्राचा गणिती पाया घालणाऱ्या दोघांपैकी रॉय अँडरसन हे परोपजीवींचे अभ्यासक होते आणि रॉबर्ट मे हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. १९७९ साली या जोडीने प्राण्यांची संख्या आणि रोगांची साथ यांचे नाते समीकरणांत मांडले आणि विषयाला नवे वळण लागले. आपल्या विद्यापीठांत भौतिकीचा विद्यार्थी आणि प्राणिशास्त्राचा विद्यार्थी यांची गाठ पडते ती उपाहारगृहात.

आमच्या विद्यार्थिनीपुढे आणखी एक दार होते आणि ते म्हणजे तिच्या घराचे. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून. मुलीने एम.एस्सी. केले, आता बी.एड. करून कोठेतरी शिक्षिका व्हावे, ही त्यांची अपेक्षा. ते प्रस्तुत लेखकाला भेटायला आले तेव्हा रागावलेले नव्हते, काळजीत होते. "सर, मेलेली माकडं बघत हिंडण्याला नोकरी म्हणतात का? आणि तो ताप हिलाच झाला तर?" दोन्ही प्रश्न रास्त होते. क्यासनूरच्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतील माणसांनाच लागण झाल्याचा इतिहास आहे. आज पुण्यात अतिसुरक्षित प्रयोगशाळा आहे, काटेकोर नियम आहेत. तरीही या विद्येत धोका नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. आणि नोकरीचे म्हणाल तर संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना सदतीस हजार रुपये झाली आहे. परंतु ती संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर कोणत्याही शासकीय परिपत्रकात नाही.

तिने मात्र वाट काढली. एम.एस्सी. असूनही वन्यजीवशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहण्याची तिने तयारी केली. असे अभ्यासक्रम देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आहेत. पण जागा मूठभर आणि स्पर्धा सगळ्या देशाची. पहिल्या वर्षी तिची निवड झाली नाही. तेव्हा ती एका संशोधन प्रकल्पात मदतनीस म्हणून लागली आणि तेथूनच पुढे पीएच.डी.कडे वळली. आज पश्चिम घाटातील एका जंगलात ती पांढऱ्या फ्लॅनेलचे कापड दोरीने जमिनीवरून ओढीत चालते. ठरावीक पावलांनंतर थांबते, कापड उलटते आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून कुपीत घालते. कोणत्या महिन्यात किती, जंगलात किती, गावठाणाच्या कडेला किती, गुरांच्या वाटेवर किती, याची नोंद ठेवते. संध्याकाळी वाडीत बसून पातेरा कोण आणतो, कोठून आणतो, हे विचारते. एका पत्रात तिने लिहिले आहे, "सर, गोचीड ओळखायला सहा महिने लागले. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं हे सुचायला वर्ष लागलं."

हे वाक्य आम्हां शिक्षकांनी फळ्यावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

चैनीचे शास्त्र?

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रांत माणसांना डॉक्टर मिळत नाही, तेथे वानरांच्या आणि सिंहांच्या रोगांवर पैसा खर्च करणे ही चैन नव्हे काय?

याचे उत्तर गिधाडांनी दिले आहे. १९९० नंतरच्या दशकात भरतपूरला विभू प्रकाश यांना गिधाडे माना टाकून मरताना दिसली. पाहता पाहता देशातील तीन जातींची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली; त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे गिधाड तर हजारात एक उरले. बराच काळ हा एखादा संसर्गजन्य रोग असावा असे वाटत होते. २००४ साली लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या कामातून कारण उघड झाले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध. २००६ साली भारताने गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. मेलेली जनावरे उघड्यावर कुजू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात दर वर्षी सुमारे एक लाख माणसे अधिक मेली. गिधाडांचे शवविच्छेदन ही चैन होती की काटकसर, ते वाचकांनीच ठरवावे.

दुसरे उदाहरण गीरचे. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथे दोन डझनांच्या आसपास सिंह मेले आणि कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू त्यांच्यात असल्याचे पुण्याच्याच संस्थेने दाखवून दिले. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ साली याच विषाणूने सिंहांचा एक तृतीयांश कळप खाल्ला होता. पाव शतक आधी मिळालेला इशारा आपण किती गंभीरपणे घेतला होता, असा प्रश्न येथे पडतो.

आणि माकडतापाचे काय? त्यावरील जुनी लस पुरेशी गुणकारी नाही असे दिसून आल्यामुळे तिचा वापर २०२२ साली थांबविण्यात आला. नव्या लशीचे प्रयत्न चालू आहेत. ज्या रोगावर लस नाही आणि हमखास औषधही नाही, त्याच्याशी लढण्याचे हत्यार एकच उरते. रोग कोठे आहे, केव्हा येणार आणि कोणत्या वाटेने येणार, याचे ज्ञान. ते ज्ञान कापड ओढीत चालणाऱ्या त्या मुलीच्या वहीत साठत असते.

काय करता येईल

२०२२ च्या डिसेंबरात नागपूरला 'वन हेल्थ' संस्थेची कोनशिला बसविण्यात आली. माणूस, पाळीव जनावर आणि रानातला प्राणी यांचे आरोग्य एकच आहे, हे तत्त्व त्यामुळे सरकार दरबारी मान्य झाले आहे, असे समजायला हरकत नाही. परंतु तत्त्व कोनशिलेवरून खाली उतरून तालुक्याच्या कचेरीत यावे लागते. तेथे तीन टेबले आहेत आणि त्यांच्या तीन नोंदवह्या आहेत. मेलेल्या वन्य प्राण्याची वर्दी कोणत्याही टेबलावर आली तरी ती त्याच दिवशी उरलेल्या दोन टेबलांवर गेली पाहिजे, एवढा एक नियम करायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. त्यासाठी एक समजदार कारकून पुरतो. आणि असे कारकून आपल्याकडे आहेत.

विद्यापीठांनीही आपली भिंत थोडी खाली आणावी. पशुवैद्यकाच्या पदवीधराला परिस्थितिविज्ञान आणि प्राणिशास्त्राच्या पदवीधराला रोगशास्त्र व संख्याशास्त्र शिकता येईल, असा एखादा संयुक्त अभ्यासक्रम सह्याद्रीच्या पायथ्याच्या विद्यापीठांनी का काढू नये? वन विभागात आणि आरोग्य विभागात अशा शिक्षणाच्या माणसासाठी जिल्ह्याला एक पद असले, तर त्या कारकून बापाच्या पहिल्या प्रश्नाला आपल्याला मान वर करून उत्तर देता येईल. आणि आम्ही महाविद्यालयातील शिक्षक? प्रयोगवहीतील तेच ते बेडूक आणि झुरळ यांच्याऐवजी गावातील गुरांवरच्या गोचिडींची वर्षभराची नोंद आम्ही विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ शकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. लागते ती केवळ इच्छा.

त्या मुलीचे वडील परवा बाजारात भेटले. लेकीचे कसे काय चालले आहे असे विचारल्यावर थोडे हसले. म्हणाले, "नोकरीचं अजून काही नाही. पण गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत एक माणूस आला, बागेत माकड मरून पडलंय म्हणून सांगायला. साहेब म्हणाले, आपलं काम नाही. मी त्याला थांबवून घेतलं आणि तिन्ही कार्यालयांना फोन केले."

वाट अशीच पडते. पण ती नेहमीच कोणाच्या तरी मुलीच्या जिद्दीवर आणि कोणाच्या तरी बापाच्या भलेपणावर सोडून देणे कोणत्याही शहाण्या समाजाला परवडणारे नाही. पावसाळा सरला की पातेऱ्यातली गोचीड पुन्हा जागी होईल. त्या वेळी मेलेल्या वानराचे खाते आपण ठरविलेले असेल काय?